गुरु तारा कां झाला नाहीं?

भंडाऱ्यास वैनगंगेच्या कांठीं फिरतांना एका विद्यार्थ्यानें तेजस्वी गुरूकडे बोट दाखवून मला विचारलें, "सर, हा तारा व्हायचा राहून गेला म्हणतात, तें खरें काय?"

प्रश्न जुना आहे. गुरु हा अद्याप तप्त, अर्धवट सूर्यच आहे असें रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज ज्योतिर्विदानें १८७० सालीं प्रतिपादिलें होतें. १९२० नंतरच्या दशकांत हॅरल्ड जेफ्रीज यांनीं गुरूचा पृष्ठभाग थंड असल्याचें गणितानें दाखविलें, तेव्हां ती कल्पना मागें पडली. परंतु तारा पेटावयास द्रव्य तरी किती लागतें, हें उरलेंच.

त्याचें उत्तर अमेरिकेंत संशोधन करणाऱ्या शिव कुमार या भारतीय शास्त्रज्ञानें १९६२-६३ च्या सुमारास दिलें. वायूचा गोळा स्वतःच्या भारानें आकुंचन पावतो तसतसें त्याचें अंतरंग तापतें. पुरेसें तापलें म्हणजे हायड्रोजनचें हीलियम होऊं लागून तारा पेटतो. द्रव्य थोडें असेल तर मात्र त्यापूर्वींच आंतील इलेक्ट्रॉन इतके दाटतात कीं, पुढील आकुंचनच थांबतें. चूल पेटायच्या आधींच फुंकणी बंद पडावी, तसा हा प्रकार. ही मर्यादा सूर्याच्या सुमारें सात-आठ शतांश वस्तुमानाची. गुरु पृथ्वीच्या ३१८ पट जड खरा. परंतु सूर्याचा तो हजारावा हिस्साहि नाहीं. बाकीच्या साऱ्या ग्रहांची मोट बांधून त्याच्या पोटांत घातली तरी तो आजच्या दीडपट होणार नाहीं. आणि व्हावयास हवा पाऊणशें-ऐंशीं पट!

गुरु आणि तारा यांच्या मधल्या पट्ट्यांतील न पेटलेल्या गोलांस जिल टार्टर या विदुषीनें १९७५ सालीं 'तपकिरी बटु' या अर्थाचें नांव दिलें. बारसें झालें, बाळ मात्र सांपडत नव्हतें. तें शोधणाऱ्यांत कुरुंदवाडास १९५६ सालीं जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. ताडाशी नाकाजिमा, बेन ओपनहायमर प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं कॅलिफोर्नियांतील पालोमार वेधशाळेंतून सुमारें १९ प्रकाशवर्षांवरील ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळ एक अत्यंत मंद ठिपका हेरला. १९९५ सालीं तो जाहीर झाला. त्याच्या वर्णपटांत मिथेन निघाला. हा वायु ताऱ्याच्या उष्णतेंत टिकत नाहीं. गुरूच्या वातावरणांत मात्र आहे. तेव्हां हा तारा नव्हे, हें निर्विवाद ठरलें.

पुढें त्याच्या वस्तुमानाचा हिशेब गुरूच्या सत्तर पटींवर, म्हणजे अगदीं उंबरठ्याशीं आला, आणि एवढा जड गोल इतका निस्तेज कां, याचा उलगडा होईना. गणित चुकलें कीं माप? २०२४ सालीं कळलें कीं तो एक गोल नसून दोन आहेत : गुरूच्या सुमारें ३८ व ३४ पट, बारा दिवसांत एकमेकांभोंवतीं फिरणारे. गणित बरोबरच होतें.

'फसलेला तारा' म्हणावयाचें तर या जोडीस म्हणावें. गुरूस तें विशेषण मला अन्यायाचें वाटतें. सूर्याकडून मिळते त्याहून अधिक उष्णता तो बाहेर टाकतो खरी, आणि माझ्या विद्यार्थ्यानें तीच शंका लगेच काढली. परंतु ती मुख्यतः आकुंचनाची जुनी उष्णता आहे, अणुज्वलनाची नव्हे.