माउंटन बाइकिंग

माउंटन बाइकिंग किंवा पर्वतीय सायकलिंग हा डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटा, जंगलातील पायवाटा, कच्चे रस्ते व खडकाळ उतार यांवरून सायकल चालवण्याचा क्रीडाप्रकार आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सायकलीला माउंटन बाइक किंवा एमटीबी असे म्हणतात. रुंद व खाचदार टायर, जोरकस ब्रेक, हलके गिअर आणि बहुधा धक्के शोषणारी यंत्रणा ही तिची ओळख होय. सपाट रस्त्यावरील वेगवान सायकलिंगमध्ये हवेचा विरोध हा मुख्य अडसर असतो. डोंगरवाटेवर वेग कमी असल्याने तो बहुधा दुय्यम ठरतो आणि जमिनीवरील पकड व सायकलीवरील ताबा यांना महत्त्व येते. सायकलीची रचना, चालवण्याचे तंत्र, स्वाराची शारीरिक तयारी आणि वाटांची आखणी या चारही बाबी या गरजेशी जोडलेल्या आहेत.

## इतिहास

खडबडीत प्रदेशात सायकल नेण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासूनच झाले. अमेरिकी सैन्याच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या सायकल पथकाने १८९७ साली लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली मॉन्टाना राज्यातील मिझुला येथून सेंट लुइसपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटरचा प्रवास ४१ दिवसांत पूर्ण केला. ब्रिटनमध्ये १९५५ साली कच्च्या वाटांवरून सायकलभ्रमण करणाऱ्यांनी 'रफ स्टफ फेलोशिप' हा संघ स्थापन केला.

आजच्या माउंटन बाइकिंगचा उगम मात्र १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन काउंटीत, माउंट तमालपाइस या डोंगराच्या परिसरात झाला असे मानले जाते. तेथील तरुण १९३० व १९४०च्या दशकांतील जाड टायरच्या जुन्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर शर्यती लावत. फेअरफॅक्स गावाजवळील अशा शर्यतींची सुरुवात ऑक्टोबर १९७६ मध्ये झाली. सुमारे सव्वातीन किलोमीटरच्या त्या वाटेवर जवळपास ४०० मीटर उतार होता. पेडल उलटे फिरवून लावायचे ब्रेक या उतारावर इतके तापत की मागील हबमधील ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. त्यावरूनच शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले.

चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि टॉम रिची ही या काळातील प्रमुख नावे होत. ब्रीझ यांनी १९७७ साली केवळ या उपयोगासाठी आखलेली सायकल बनवली. १९७९ साली फिशर व केली यांनी रिची यांनी बनवलेल्या फ्रेम वापरून सायकली विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या संस्थेच्या नावावरून 'माउंटन बाइक' हा शब्द सर्वत्र रूढ झाला. १९८१ साली बाजारात आलेली 'स्टंपजंपर' ही मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली माउंटन बाइक समजली जाते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. तेथे पुरुष गटात नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेंटयेन्स याने, तर महिला गटात इटलीच्या पाओला पेझो हिने सुवर्णपदक मिळवले.

## प्रकार

* क्रॉस-कंट्री : चढ व उतार दोन्ही असलेल्या वाटेवरील शर्यत. ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराचा समावेश आहे. सायकल हलकी असून सस्पेन्शनची हालचाल साधारणपणे १०० ते १२० मिलिमीटर असते.
* ट्रेल : स्पर्धेऐवजी भटकंतीसाठी सर्वाधिक प्रचलित असलेला प्रकार. सस्पेन्शन साधारण १२० ते १५० मिलिमीटर.
* एंड्यूरो : यात केवळ उताराच्या टप्प्यांची वेळ मोजतात, मात्र मधले चढही स्वाराला नियोजित वेळेत पार करावे लागतात.
* डाउनहिल : केवळ तीव्र उतारावरील शर्यत. सायकल वजनदार असून सस्पेन्शन २०० मिलिमीटरच्या आसपास असते.

## सायकलीची रचना

पुढील चाकालाच सस्पेन्शन असलेल्या सायकलीला हार्डटेल आणि दोन्ही चाकांना असलेल्या सायकलीला फुल सस्पेन्शन म्हणतात. हार्डटेल स्वस्त, हलकी व देखभालीस सोपी असल्याने नवशिक्यांसाठी सोयीची ठरते. सस्पेन्शनचा हेतू केवळ आरामाचा नसतो. खडकावरून जाताना चाक उसळू न देता ते जमिनीला टेकवून ठेवणे हे त्याचे मुख्य काम आहे, कारण हवेत असलेल्या चाकाला ना वळता येते, ना ब्रेक लावता येतो.

टायरची रुंदी बहुधा २.१ ते २.६ इंच असते. टायरमध्ये हवा किती असावी हे स्वाराचे वजन, टायरची रुंदी आणि वाट यांवर ठरते. सामान्यतः ट्यूबलेस टायरमध्ये ती २० ते ३० पीएसआयच्या दरम्यान ठेवतात. हवा कमी असल्यास टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो व पकड वाढते. फार कमी झाल्यास मात्र दगड थेट रिमवर आदळतो. पदरमोड न करता सायकलीच्या वागणुकीत मोठा फरक घडवणारा हा बदल असल्याने अनुभवी स्वार प्रत्येक फेरीपूर्वी हवा तपासतात.

चाकांचे २६, २७.५ व २९ इंच असे तीन व्यास प्रचलित आहेत. मोठे चाक अडथळ्यावरून सहज जाते, लहान चाक चटकन वळते. सध्या २९ इंची चाके अधिक आढळतात. ब्रेक डिस्क पद्धतीचे असतात. त्यांतील हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लावता येतात व उरलेली बोटे हँडल घट्ट धरून ठेवतात.

अनेक आधुनिक सायकलींत पुढे एकच चेनव्हील व मागे ११ किंवा १२ दातेरी चक्रांचा संच असतो. पुढे ३२ व मागे ५१ दाते असताना २९ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे १.४ मीटर पुढे जाते. बिनगिअरच्या साध्या सायकलीत हेच अंतर ५ मीटरच्या आसपास असते. त्यामुळे साध्या सायकलीवरून उतरून ढकलत नेण्याचा चढ या सायकलीवर बसून चढता येतो.

सायकल निवडताना किमतीपेक्षा मापाकडे लक्ष देणे आवश्यक असते. फ्रेमवर दोन्ही पाय टाकून उभे राहिल्यावर फ्रेमची आडवी नळी आणि शरीर यांत पुरेसे अंतर असावे. चढासाठी सीटची उंची अशी ठेवतात की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. उतारावर सीट खाली केल्यास शरीराला हालचालीस जागा मिळते. त्यासाठी हँडलवरील बटणाने सीट खाली-वर करणारी दांडी मिळते.

## चालवण्याचे तंत्र

उतारावरील मूळ स्थितीत स्वार सीटवरून उठून दोन्ही पेडल समपातळीत ठेवतो, कोपर व गुडघे सैल वाकवतो आणि शरीराचा भार हातांऐवजी पायांवर घेतो. नजर पुढच्या चाकावर न ठेवता काही मीटर पुढच्या वाटेवर ठेवावी लागते. चुकवायच्या दगडाकडे पाहत राहिल्यास सायकल बहुधा त्याच दगडाकडे जाते.

सायकल थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर जातो. मात्र तो एकाएकी दाबल्यास किंवा वळणावर दाबल्यास स्वार पडण्याची शक्यता असते. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करतात. तीव्र चढावर सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून छाती खाली झुकवतात. त्यामुळे पुढचे चाक उचलले जात नाही आणि मागचे चाक घसरत नाही.

## शारीरिक तयारी

चढावरील श्रमाचा मुख्य भाग गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होतो. ७० किलो वजनाचा स्वार १४ किलोच्या सायकलीवरून १० टक्के चढ ताशी ६ किलोमीटर वेगाने चढत असेल, तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे १३७ वॅट शक्ती लागते. सायकल २ किलोने हलकी घेतल्यास त्यात सुमारे ३ वॅटचीच बचत होते. खडबडीत वाटेवर टायर व जमीन यांच्या घर्षणासाठी लागणारी शक्ती यात धरलेली नाही. महागड्या हलक्या सायकलीपेक्षा नियमित सराव बहुतेक स्वारांना अधिक लाभदायक का ठरतो, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

सरावाचा पाया दीर्घ व संथ सायकलिंग हा असतो. चालवताना पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत, ही श्रम योग्य असल्याची सोपी कसोटी आहे. डोंगरवाटेवर मात्र श्रम एकसारखे नसतात. छोटे तीव्र चढ व विसाव्याचे टप्पे आलटून पालटून येतात. त्यासाठी पाया पक्का झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदा काही मिनिटे जोराने चढणे व तितकाच विसावा घेणे असा सराव करतात. उठाबशा, जोर आणि पोट व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम उतारावरील ताब्यासाठी उपयोगी पडतात, कारण तेथे थकवा फुप्फुसांपेक्षा हात, मांड्या व कंबरेला अगोदर जाणवतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस करते. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ती आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व स्नायुबल वाढवणारे व्यायामही सुचवते. उतारवयात किंवा हृदयविकार, रक्तदाब यांसारखे आजार असताना वैद्यकीय सल्ल्याशिवाय तीव्र चढांचा सराव सुरू करणे धोक्याचे असते.

## सुरक्षा

हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे व गुडघ्यांची कवचे ही प्राथमिक साधने होत. पडताना हात पुढे टेकला जात असल्याने मनगट व गळपट्टीचे हाड यांना इजा होणे हे नेहमीचे आहे. जोराने आदळलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतील थर दबलेला असू शकतो, म्हणून ते बदलावे लागते. जादा ट्यूब, पंप, चेन जोडण्याचे साधन, प्रथमोपचाराचे साहित्य, पाणी आणि गूळ-शेंगदाणे किंवा चिक्कीसारखा खाऊ सोबत ठेवतात. दुर्गम वाटेवर एकट्याने न जाणे आणि परतण्याची वेळ कोणास तरी सांगून जाणे हा सर्वमान्य संकेत आहे.

## वाटांचे संरक्षण व हक्क

हा खेळ वाढला तसा वाटांच्या वापरावरून वादही वाढला. पायी चालणारे व घोडेस्वार यांच्या तक्रारींमुळे कॅलिफोर्नियातील अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. खुद्द मरिन काउंटीचाही त्यात समावेश होता. १९८४ पासून अमेरिकेच्या वनसेवेने 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या क्षेत्रांत सायकलींना बंदी आहे. या पार्श्वभूमीवर १९८८ साली कॅलिफोर्नियातील सायकलस्वारांच्या मंडळांनी आंतरराष्ट्रीय माउंटन बाइकिंग संघटना स्थापन केली. जबाबदार वापर व वाटांची श्रमदानाने दुरुस्ती यांवर तिने भर दिला.

वाटेचे सर्वाधिक नुकसान मागचे चाक जाम करून घसरत उतरण्याने आणि ओल्या मातीवर सायकल चालवण्याने होते. चाकाने पडलेल्या चरातून पावसाचे पाणी वाहते व चर खोल होत जातो. म्हणून वाट थेट उताराच्या दिशेने न काढता डोंगराला आडवी काढतात. वाटेचा उतार डोंगराच्या त्या बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवावा, हा आखणीतील प्रसिद्ध नियम आहे. अशा वाटेवरून पाणी वाहत न जाता ती ओलांडून खाली उतरते. अरुंद वाटेवर पायी चालणाऱ्यास व चढून येणाऱ्यास प्रथम वाट देणे हा शिष्टाचार आहे.

## भारत व महाराष्ट्र

हिमाचल प्रदेशात 'एमटीबी हिमालया' ही अनेक दिवसांची शर्यत २००५ पासून ओळखली जाते. २०२३ साली आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळमधील पोनमुडी येथे झाली. हिमालयात २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर विरळ हवेचा त्रास होऊ शकत असल्याने तेथे शरीराला सवय होण्यासाठी वेळ द्यावा लागतो.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या घाटवाटा, मावळातील बैलगाडीचे रस्ते, शहरांलगतच्या टेकड्या आणि कोकणातील जांभ्या दगडाचे सडे यांवर हे सायकलिंग केले जाते. उन्हाळ्यात सुट्या मुरुमावर चाके घसरतात, तर पावसाळ्यात शेवाळलेला काळा कातळ अत्यंत निसरडा होतो. पावसाळ्यानंतरचे महिने सर्वांत अनुकूल असतात.

येथील सडे व पठारे दिसायला ओसाड वाटली तरी पावसाळ्यात त्यांच्या पातळ मातीच्या थरावर अल्पायुषी वनस्पती उगवतात. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. रत्नागिरी परिसरातील सड्यांवर उघड्या कातळात कोरलेली प्राचीन कातळशिल्पे आहेत व त्यांवरून चाक गेल्यास होणारी झीज भरून येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. अनेक पायवाटा खासगी शेतांतून किंवा गावच्या गायरानातून जात असल्याने तेथे स्थानिकांची संमती घेणे, बांध न मोडणे आणि उघडलेले फाटक पुन्हा लावणे आवश्यक ठरते. अशा वाटा पुढेही खुल्या राहणे बऱ्याच अंशी स्वारांच्या वर्तनावर अवलंबून असते.