उन्हाळ्याची सुट्टी आणि आपला समाज

वसंतात व्याख्याने का व्हावीत, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. चैत्र सरला, वैशाखाचे ऊन तापू लागले, की सायंकाळी सभागृहाकडे पावले वळावयाची, ही महाराष्ट्रातील अनेक गावांची रीतच झाली आहे. पण या रीतीचे मूळ शोधू गेल्यास ते ऋतूत जितके सापडते, तितकेच सुट्टीत सापडते. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. न्यायालयांना आणि विद्यालयांना उन्हाळ्यात सुट्टी असते, वकील, शिक्षक व विद्यार्थी यांना त्या दिवसांत सवड असते, आणि ती सवड लोकशिक्षणाच्या कामी लागू शकते, हे ज्या पिढीने ओळखले त्या पिढीचे हे काम होते. तेव्हा ज्या व्यासपीठावरून आज आम्ही बोलत आहोत, ते व्यासपीठच मुळी सुट्टीचे अपत्य आहे. म्हणून सुट्टीचाच थोडा इतिहास येथे मांडावा, असे आम्हांस वाटले.

या विषयात केवळ कुतूहल नाही. आज मे महिना जवळ आला की घरोघर एक चिंता उभी राहते. मुलांच्या इतक्या रिकाम्या दिवसांचे करायचे काय? कोणी सकाळी पोहणे, दुपारी चित्रकला, सायंकाळी बुद्धिबळ असा तक्ता आखतो. कोणी मुलांना मोकळे सोडतो आणि आठ दिवसांत त्रासून जातो. रिकामा वेळ, नेम आणि उद्योग या तिहींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न नवा वाटतो. पण तो आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनीही आपापल्या परीने सोडविलेला आहे. त्यांची उत्तरे काही ठिकाणी आपल्याहून शहाणपणाची होती, तर काही ठिकाणी फार अन्यायाची होती. दोन्ही पाहिली पाहिजेत.

प्राचीन अध्ययनपद्धतीत ‘अनध्याय’ नावाची कल्पना होती. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या व पौर्णिमा या तिथींना वेदपठण बंद असे. वादळ, मेघगर्जना, गावातील मृत्यू अशा प्रसंगीही ते थांबे. याखेरीज वर्षाचाही एक क्रम होता. मनुस्मृती सांगते की श्रावणातील किंवा भाद्रपदातील पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावे. नंतर पौषात पुष्य नक्षत्रावर किंवा माघ शुद्ध प्रतिपदेस गावाबाहेर जाऊन त्याचे उत्सर्जन करावे. उत्सर्जन म्हणजे सोडणे. पण सोडल्यावर पुढे काय? तर शुक्लपक्षात वेद म्हणावेत आणि कृष्णपक्षात वेदांगे, म्हणजे व्याकरण, छंद, ज्योतिष इत्यादी अभ्यासावीत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की उत्सर्जन म्हणजे आळस नव्हे आणि पूर्वीचीच घोकंपट्टीही नव्हे. कामाची तऱ्हा बदलते, जोर कमी होतो, पण धागा तुटत नाही. अर्थात ही सगळी व्यवस्था समाजातील मूठभर पुरुषांपुरती होती. शूद्रांना आणि स्त्रियांना जेथे अध्ययनच नाही, तेथे अनध्याय तरी कोठून असणार?

इंग्रजी अमलापूर्वीच्या गावठी शाळांत, पंतोजींच्या हाताखाली, महिना-दीड महिन्याची सलग सुट्टी असा प्रकार नव्हता. अमावास्या-पौर्णिमा, सणवार आणि गावची जत्रा एवढ्या सुट्ट्या. शेतकऱ्याचा मुलगा मात्र पेरणी-कापणीच्या दिवसांत आपोआपच शाळेबाहेर असे; त्याचे वेळापत्रक पंतोजी ठरवीत नसत, पाऊस ठरवी.

लांब सुट्टी आली ती इंग्रजी राज्याच्या कचेऱ्या, न्यायालये आणि विद्यालये यांच्याबरोबर. थंड देशातून आलेल्या अधिकाऱ्यास इकडचा वैशाख असह्य होई. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसविले. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली माथेरान पाहिले, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या उद्योगाने नेरळहून तेथवर लहानशी आगगाडीही जाऊ लागली. उन्हाळ्यात सरकारच डोंगरावर जाऊन बसे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८६२ साली उच्च न्यायालय आले. परीक्षा, निकाल, सत्र आणि सुट्टी असे एक नवे पंचांग सुशिक्षितांच्या घरात शिरले. चैत्र-वैशाख हे महिने पूर्वीही होते. ‘मे महिन्याची सुट्टी’ ही वस्तू मात्र नवी होती.

ही नवी वस्तू हाती आल्यावर आपल्या लोकांनी तिचे काय केले, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. साहेबाने सुट्टीचा उपयोग मुख्यतः विश्रांतीसाठी केला. आपल्या पहिल्या सुशिक्षित पिढीला एवढीच चैन परवडणारी नव्हती. रानड्यांनी तिच्यातून व्याख्यानमाला काढली. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. विधवाविवाहाच्या प्रचारासाठी आणि १८९६ साली स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या वर्गणीसाठी ते सुट्टीत गावोगाव हिंडत. वर्षभर फळ्यावर आकडे मांडणारा हा शिक्षक सुट्टीत दारोदार जाऊन रुपया-दोन रुपये गोळा करी. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात सिंहगडावर जाऊन राहत. तेथे हवापालट होई, वाचन-चिंतनही होई. रानडे, कर्वे, टिळक या तिघांच्या वृत्ती भिन्न आणि मतेही भिन्न. परंतु सुट्टी म्हणजे आपल्या आवडीचे काम आपल्या इच्छेने करण्याचा काळ, याविषयी तिघांचे आचरण एकच सांगते. त्यांना कोणी सुट्टीतला अभ्यास लावून दिलेला नव्हता. ‘आपल्या इच्छेने’ हे शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. त्यांच्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

मुलांची सुट्टी मात्र वेगळ्याच वाटेने घडली. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६३ साली बोरघाटाचा मार्ग पुरा झाला, आणि नोकरीसाठी शहरात गेलेल्या कुटुंबांना गावी परतणे सोपे झाले. कोकणात आगबोटी होत्या. पावसाळ्यात कोकणची बहुतेक बंदरे बंद पडत, म्हणून वैशाखात जाऊन मृगापूर्वी परतावयाचे, असा मुंबईच्या चाकरमान्यांचा हिशेब असे. अशा रीतीने ‘आजोळ’ ही सुट्टीतील सर्वांत मोठी संस्था उभी राहिली. तिला घटना नव्हती, वर्गणी नव्हती, वेळापत्रक छापलेले नव्हते.

पण वेळापत्रक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. पहाटे उठून आंब्याखाली पडलेली फळे वेचावयाची, विहिरीवर आंघोळ, न्याहरीला आटवल भात नाहीतर भाकरी, ऊन चढेपर्यंत करवंदे-जांभळांसाठी रानात भटकंती. दुपारी मोठी माणसे पडत, त्या वेळी आवाज करावयाचा नाही. मग माजघरात पत्ते, सोंगट्या, सागरगोटे. उन्हे उतरली की आट्यापाट्या, विटीदांडू, सुरपाट्या. दिवेलागणीला हातपाय धुऊन परवचा आणि स्तोत्रे, नंतर अंगणात आजीची गोष्ट. म्हणजे दिवसाची दोन्ही टोके घट्ट बांधलेली आणि मधला भाग मोकळा. नेम आणि मोकळीक यांची अशी वाटणी कोणी शिक्षणशास्त्राचा ग्रंथ वाचून केलेली नव्हती. उन्हाने, स्वयंपाकाने आणि वडीलधाऱ्यांच्या धाकाने ती केली होती. तीच टिकाऊ ठरली.

आता या चित्राची दुसरी बाजू. त्या वाड्यात वीस पाने वाढली जात, ती कोण वाढी? पापड, कुरडया, सांडगे, फणसपोळ्या, आंबापोळ्या, लोणची, कोकमे ही वर्षाची बेगमी याच दोन महिन्यांत करावयाची असे. घरच्या बायकांच्या कामाला उन्हाळ्यात दुप्पट भर येई. दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही पहाटे पापडाच्या लाट्या करावयास बसवीत, आणि दुपारी वाळवणाची राखण तिच्याकडेच असे. तिचा भाऊ तेवढ्या वेळात आमराईत असे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, घरातील बायकांचा विरोध सोसून आपण कसे शिकलो, ते लिहून ठेवले आहे. न्यायमूर्तींच्या घरीही स्त्रीचा मोकळा वेळ असा झगडून मिळवावा लागे. मग सामान्य घराची गोष्ट कशाला? आजोळच्या सुट्टीची गोडी गाताना आपण हा हिशेब विसरतो. ती सुट्टी एकाला मिळावी म्हणून दुसरी राबत होती.

आणि ज्यांना सुट्टीच नव्हती, त्यांचे काय? मुंबईच्या गिरण्यांत लहान मुले काम करीत. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि महिन्यातून चार सुट्ट्या देवविल्या. नऊ तास ही त्या काळची सुधारणा होती! प्रौढ कामगारांस तर ठरलेली साप्ताहिक सुट्टीही नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार दिला. आज आपण ज्या रविवारी निर्धास्त झोपतो, तो रविवार कोणीतरी मागून, भांडून मिळविलेला आहे. रिकामा वेळ निसर्ग देत नाही. तो समाज वाटतो, आणि नेहमी न्यायाने वाटतोच असे नाही.

विसाव्या शतकात सुट्टीचा तिसरा प्रकार आला, तो शिबिराचा. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मधले; व्यायामाचे उन्हाळी वर्ग अशा संस्थांनी रुजविले. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, आणि कवायत, श्रमदान, गाणी, बौद्धिक असा शिबिराचा दिनक्रम हजारो मुलांच्या अंगवळणी पडला. मुलगे आणि मुली एकत्र येऊन झाडलोट करतात, पंक्तीत एकमेकांना वाढतात, हे अनेकांनी प्रथम तेथे पाहिले. १९५९ साली सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने बालरंगभूमीस नवे वळण दिले, आणि सुट्टीत बालनाट्य पाहणे हाही एक परिपाठ झाला. मात्र शिबिर आठ-पंधरा दिवसांचे असे. ते संपले की मूल पुन्हा आपल्या गल्लीत, आपल्या सवंगड्यांत परते. शिबिराने सुट्टीला आकार दिला. तिला गिळून टाकले नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. आजोळ पुष्कळांचे शहरातच आहे, कित्येक वाडे पडले, आईवडील दोघेही कामावर जातात, आणि हातातला दूरध्वनी मुलाची सारी दुपार खाऊन टाकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळेचे ठरविले आहेत. म्हणजे शाळेने किमान पाळले, तर रविवार व सण धरून १४५ ते १६५ दिवस मूल शाळेबाहेर असते. एवढा काळ केवळ नशिबावर सोडता येणार नाही, हे पालकांचे म्हणणे रास्त आहे. दुसरीकडे, मुलांच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने १९९२ साली स्वीकारला, विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्कच म्हटला आहे. हक्काची वस्तू दुसऱ्याने तासातासांत कापून वाटावयाची नसते.

मग मेळ कसा घालावा? इतिहासाकडून तयार तक्ता मिळत नाही. परंतु दिशा मिळते. उत्सर्जनाची कल्पना सांगते की कामाचा पालट हीच खरी विश्रांती. गणिताचा धागा अगदी तुटू देऊ नये, पण तेच पुस्तक पुन्हा पुढ्यात टाकू नये. आजोळ सांगते की सकाळ आणि दिवेलागण यांना नेम असू द्यावा आणि मधला वेळ मोकळा राहू द्यावा. तेथे मूल कंटाळले तर कंटाळू द्यावे, कारण खेळ तेथूनच निघतो. पापडाच्या पाटावर बसविलेली मुलगी सांगते की घरकाम सुट्टीत अवश्य शिकवावे, पण ते मुलग्यालाही शिकवावे, आणि आईलाही दोन प्रहर मोकळे मिळावेत. शिबिर सांगते की समवयस्कांत, घरापासून दूर काही दिवस काढणे हिताचे आहे, पण ते दिवस मोजके असावेत.

आणि लोखंडे यांचा लढा जे सांगतो, ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजही ऊसतोडणीच्या फडावर, वीटभट्टीवर आईबापांसोबत फिरणारी मुले आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या वर्षात सुट्टी नावाचे पान नाही, कारण शाळेचे पानच अर्धे फाटलेले आहे. आपल्या मुलाच्या सुट्टीचे काय करावे, याची विवंचना करणाऱ्या समाजाने ज्यांना सुट्टीच नाही त्यांचीही विवंचना करावी. १८७५ मध्ये सुट्टीतून व्याख्यानमाला निघाली, ती स्वतःच्या सवडीत दुसऱ्यांना वाटेकरी करून घेतल्यामुळेच. मुलांना आपण आपल्या इच्छेने वागण्याची मोकळीक दिली, आणि त्या इच्छेला दुसऱ्याची आठवण ठेवण्याचे वळण लावले, तर सुट्टीतील शिक्षण पुष्कळसे झाले असे म्हणण्यास हरकत नाही.