विक्रांत : जपायची राहून गेलेली नौका

गोवामुक्तीचा इतिहास सांगताना आपण सत्याग्रही, तुरुंग आणि लष्कराची आगेकूच यांबद्दल भरभरून बोलतो. त्या दिवसांत समुद्रावर काय चालले होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात आपल्या युद्धनौकांनी 'आफोन्सो द आल्बुकर्क' हे पोर्तुगीज जहाज निकामी केले. अंजदीव बेट घेताना नौदलाचे ७ जण कामी आले. आणि दूर खोल समुद्रात, परकीयांची ढवळाढवळ होऊ नये म्हणून, विमानवाहू नौका 'विक्रांत' गस्त घालत होती. तिला मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

ही नौका मूळची इंग्रजांची. दुसऱ्या महायुद्धात 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी सुरू झाली. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण युद्ध संपले आणि ती अर्धवटच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती आपल्या नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात बॉयलरला तडा गेल्यामुळे तिचा वेग मंदावला होता. तरीही तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले चढवले.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि २००१ मध्ये मुंबईत तिच्यावर संग्रहालय उघडले. २००७ च्या डिसेंबरात मी आईबाबांना घेऊन ते पाहायला गेलो होतो. खालच्या प्रचंड दालनात, जिथे एकेकाळी विमाने ठेवत, तिथे आता मॉडेल्स आणि छायाचित्रे होती. आईला जिने चढवेनात, म्हणून ती खालीच बसली. आम्ही बापलेक वर धावपट्टीवर गेलो. जवळजवळ सातशे फूट लांबीची नौका, आणि पुढच्या टोकाला सी हॅरियर विमानांसाठी नंतर बांधलेला तो चढ! बाबा १९६१ साली नऊ वर्षांचे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "आम्ही हिचं नुसतं नाव ऐकलं होतं रे."

२०१२ मध्ये नौका धोकादायक झाली म्हणून संग्रहालय बंद पडले. खर्च पेलणारा कोणी मिळाला नाही. लिलाव झाला, लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण २०१४ मध्ये तिथेही याचिका फेटाळली गेली आणि त्याच वर्षी ती मोडायला घेतली. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या 'विराट'चीही तीच गत झाली. २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेली.

लोक याचा दोष देशभक्तीच्या अभावाला देतात. मला तसे वाटत नाही. मी सरकारी कारकून आहे. उद्घाटनासाठी तरतूद होते, पण दरवर्षीच्या देखभालीची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत राहते, हे मी रोज पाहतो. त्यात पाण्यावर उभ्या जहाजाला खाऱ्या पाण्याचा गंज सोडत नाही. तळ दुरुस्त करायचा तर ते गोदीत घ्यावे लागते. विशाखापट्टणमला २००२ मध्ये 'कुरसुरा' पाणबुडीचे संग्रहालय झाले. ती सरळ किनाऱ्यावर ओढून ठेवली आणि ते संग्रहालय आजही लोक पाहतात. अर्थात विक्रांतएवढी नौका जमिनीवर आणणे सोपे नव्हते. पण खर्चाचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता, एवढे खरे.

आता २०२२ मध्ये दाखल झालेली नवी 'विक्रांत' समुद्रात आहे. जुनीची आठवण शोधायची तर आपल्याला लांब जायला नको. बोगमाळोला, दाभोळी विमानतळाजवळच, नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ पासून आहे. सी हॉक आणि अलीझे जातीची विमाने तिथे उघड्यावर उभी आहेत. गेल्या वर्षी मुलीला घेऊन गेलो, तर तिने विचारले, "ही विमानं जिथून उडायची ती बोट कुठे आहे?" मी तिला सगळी हकीकत सांगितली. तुम्हीही मुलांना घेऊन जा. तिकीट काढा, दोन तास घालवा. माणसे येत राहिली, तरच असल्या जागांच्या देखभालीची फाईल पुढे सरकते.