न्हाणीघरातील गिझर : वायरिंग कशी असावी?

- प्रतिनिधी

थंडीची चाहूल लागली, की विजेच्या उपकरणांच्या दुकानांत गिझरची खरेदी सुरू होते. किंमत, टाकीची क्षमता, ऊर्जाबचतीचे तारे यांची चौकशी ग्राहक बारकाईने करतात. मात्र ज्या तारेतून या उपकरणाला वीज मिळणार, त्या तारेची चौकशी क्वचितच होते. ओल्या त्वचेचा विजेला होणारा रोध कमी असतो आणि न्हाणीघरात माणूस बहुधा अनवाणी, ओल्या फरशीवर उभा असतो. त्यामुळे एरवी केवळ झटक्यावर निभावणारा विजेचा धक्का येथे प्राणघातक ठरू शकतो. म्हणूनच गिझरसाठी नवी वायरिंग करून घेताना काही मूलभूत गोष्टी घरमालकालाही ठाऊक असायला हव्यात.

भाराचे गणित

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने मिळते. उपकरणाच्या वॅटला या आकड्याने भागले, की किती अँपिअर प्रवाह लागेल हे कळते. टाकीचा गिझर सामान्यतः २००० वॅटचा असतो. त्याला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. ३००० वॅटच्या 'इन्स्टंट' गिझरला १३, तर ४५०० वॅटच्या गिझरला साडेएकोणीस अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. दिवे-पंख्यांच्या बोर्डावरील सॉकेट मात्र ६ अँपिअरचे असते. त्या बोर्डातून गिझरसाठी तार ओढली, तर तार व सांधे तापतात, वेष्टन कडक होऊन तडकते आणि कालांतराने शॉर्ट सर्किट किंवा आग लागण्याचा धोका निर्माण होतो.

स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी

गिझरसाठी मुख्य वितरण पेटीपासून थेट स्वतंत्र सर्किट घ्यावे. २००० वॅटसाठी अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आणि १६ अँपिअरचा एमसीबी, तर ३००० वॅटसाठी चार चौरस मिलिमीटरची तार आणि २० अँपिअरचा एमसीबी, अशी रचना सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते. त्याहून मोठ्या गिझरसाठी जाणकाराकडून हिशेब करून घ्यावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठा बसवणे ही घातक चूक होय. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो. तो तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा झाला, तर तो पडण्यापूर्वी तारच जळेल. तारेवर आयएस ६९४ आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर आयएस १२९३ हे भारतीय मानक पाहूनच खरेदी करावी.

बटण कुठे?

बटण न्हाणीघराच्या बाहेर, दाराजवळ असणे उत्तम. ते 'डबल पोल' प्रकारचे, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे असावे. साधे एकेरी बटण चुकून न्यूट्रलवर बसले, तर बंद केल्यानंतरही गिझरच्या आत वीज शिल्लक राहते. आंतरराष्ट्रीय निकषांत शॉवरखालील जागेचा जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग जोखमीचा मानला जातो. तेथे सॉकेट वा बटण असू नये. तार भिंतीत झिरी मारून पीव्हीसी पाइपमधून न्यावी आणि मध्ये कोठेही सांधा ठेवू नये.

अर्थिंगला पर्याय नाही

गिझरच्या बाह्य धातूत वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्याची सोपी वाट देणे हे अर्थिंगचे काम. ही हिरवी तार वितरण पेटीतून इमारतीच्या अर्थिंगपर्यंत सलग गेली पाहिजे. जुन्या घरांत अर्थिंग नसल्यास न्यूट्रलच अर्थच्या खुंटीला जोडून वेळ मारून नेली जाते. अशा वेळी मागे कोठे न्यूट्रल तुटला, तर गिझरच्या अंगावरच पूर्ण दाबाची वीज येते. नळाच्या पाइपला अर्थ जोडणेही चुकीचे; हल्ली तर ते पाइप बहुधा प्लास्टिकचेच असतात. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसले, एवढ्यावर समाधान मानू नये. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा.

एमसीबीबरोबर आरसीसीबीही हवा

एमसीबी असताना धक्का बसणार नाही, हा गैरसमज आहे. १६ अँपिअरचा एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. माणसाच्या शरीरातून जाणारा काही मिलिअँपिअरचा प्रवाह त्याच्या गणतीतही नसतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, तर वीज तोडणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. घरासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचा घ्यावा. एवढी गळती होताच तो ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो. त्यावरील 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही, हे पाहावे. गिझर लावताच आरसीसीबी पडत असेल, तर तो काढून टाकू नये. गळती किंवा चुकीची न्यूट्रल जोडणी शोधावी.

काम करून घेताना

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तारेत वीज नसल्याची टेस्टरने खात्री व्हावी. नव्या गिझरमुळे घराचा एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढत असेल, तर वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. झिरी बुजवण्यापूर्वी तारेच्या मार्गाचे छायाचित्र काढून ठेवल्यास पुढे भिंतीत खिळा ठोकताना ते उपयोगी पडते. गिझर प्रथम सुरू करताना टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून सलग धार येऊ लागल्यावरच बटण दाबावे.

नळाला किंवा गिझरला हात लावताच किंचित झिणझिण्या जाणवल्या, तरी ती धोक्याची पूर्वसूचना समजावी. तत्काळ मुख्य स्विच बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत चुलीवर तापवलेल्या पाण्यावर भागवावे. चार दिवसांची ती गैरसोय कोणत्याही अपघातापेक्षा स्वस्तच पडते.