दोन पौंडांचा आनंद

पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान चुडावा नावाचे एक छोटे स्थानक आहे. एकोणिसावे शतक संपता संपता निजामाच्या राज्यात जो हैदराबाद-गोदावरी व्हॅली लोहमार्ग टाकला गेला, त्याच्यावरचे हे गाव. आज परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात मोडते. आमच्या लहानपणी तिथल्या फलाटावर पार्सलचा एक लोखंडी काटा असे. मास्तरांची नजर चुकवून आम्ही मुले त्याच्यावर उभी राहत असू. माणसाचे वजन करायचे असते ते मजेखातर, खरे वजन मालाचे, अशी आमची तेव्हाची समजूत. नांदेडला गेलो तर तिथे रंगीत दिव्यांचे यंत्र होते. नाणे टाकले की चक्र फिरे आणि पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. तिकिटावर वजनाच्या जोडीला भविष्यही छापलेले असे. देहाचा आकडा आणि नशिबाचा कौल एकाच नाण्यात मिळण्यात काही वावगे आहे, असे तेव्हा वाटले नाही.

हे आठवण्याचे कारण वैयक्तिक आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले, आणि काचेचा एक डिजिटल काटा घरात आला. रोज सकाळी आकडा वहीत टिपायचा, असा नेम सुरू झाला. पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरले. मग एका लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी आठशे ग्रॅम वाढलेले दिसले. त्या रात्री मी ताटावर बसलो आणि आईला, जिला आम्ही माय म्हणतो, 'आज भाकरी नको' असे सांगितले. माय काही बोलली नाही. तिने भाकरी उचलून टोपल्यात ठेवली आणि वरून फडके टाकले. आकडा दुसऱ्या दिवशी चारशे ग्रॅमनी उतरला, तिसऱ्या दिवशी पुन्हा दोनशेने चढला. माझी मनःस्थिती त्याच्यामागे फरफटत होती. देहाच्या वजनाला माणूस इतका भितो केव्हापासून, हा प्रश्न त्या दिवसांत पडला. प्रस्तुत टिपण त्या प्रश्नाच्या मागे थोडे मागे जाऊन केलेला शोध आहे.

आधी शब्दाकडे पाहू. 'वजन' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. येताना त्याने बरेच अर्थ बरोबर आणले. ज्याच्या शब्दाला वजन असते तो माणूस वजनदार. गझलेच्या अभ्यासकासाठी तर वजन म्हणजे छंदाचे मापच. मराठीत या शब्दाला मुळात मानाचा वास आहे. 'तब्येत' या शब्दाचेही तसेच. आमच्या भागात 'तब्येत सुधारली' म्हणजे अंग भरले, आणि 'तब्येत उतरली' म्हणजे माणूस वाळला. वाळणे, रोडावणे, खंगणे, झिजणे ही सगळी क्रियापदे दुःखाची आहेत. वजन स्वेच्छेने कमी करण्याच्या कृतीला जुन्या मराठीत आनंदाचे असे क्रियापद सहजी सापडत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पोटाची भ्रांत होती, त्याच्या भाषेत ते असावे तरी कसे?

याचा अर्थ जुन्यांना स्थूलतेची चिंता नव्हती असा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंद्य देहांचा विचार करणारा एक अध्याय आहे, आणि त्याचा मुख्य विषय अतिस्थूल व अतिकृश हाच आहे. दोहोंत चरकाने कृशाला बरे ठरवले, कारण स्थूलावर उपचार करणे अधिक अवघड. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, देह मोजताना चरक तराजूकडे वळत नाही. उंची-रुंदी ज्याच्या त्याच्या बोटांनी मोजायची. देहातले द्रव ज्याच्या त्याच्या ओंजळीने. शारीरस्थानातला हिशेब प्रसिद्ध आहे: पाणी दहा अंजली, रक्त आठ, मेद दोन. माप स्वतःचेच. दुसऱ्याच्या ओंजळीशी तुलना करण्याची सोयच नाही. आणि या यादीत सर्वांत मोठा आकडा पाण्याचा आहे, हेही ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तराजूत माणूस बसला तो प्रथम धर्मकृत्य म्हणून. तुलापुरुषदान हे महादानांपैकी एक. सत्यभामेच्या पारड्यातले सोने कमी पडले आणि रुक्मिणीच्या तुळशीपत्राने तराजू सावरला, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकलेली असते. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या सोहळ्यात शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. त्या वेळी गडावर उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन याने ती सुमारे १६,००० होनांची झाल्याचे नोंदवले आहे. होन साडेतीन ग्रॅमच्या आसपास धरला तर हे पंचावन्न किलोंच्या जवळ जाते. पण ऑक्झेंडेनच्या नोंदीत देह हा विषयच नाही. विषय आहे दान. आकडा पारड्यातल्या सोन्याचा आहे.

मोगल दरबारात ही तुला वाढदिवसाशी जोडली गेली. जहांगिराची तुला १६१७ साली मांडूला टॉमस रो याने पाहिली. सोने आणि रत्ने म्हणून ज्या थैल्या पारड्यात ठेवल्या, त्यांत गोटेही असू शकतील, असा खवचट शेराही त्याने मारला. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याने मात्र वेगळी गोष्ट टिपली: बादशहाचे वजन किती वाढले किंवा घटले हे वैद्य दरवर्षी लिहून ठेवतात आणि त्यावरून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधतात. म्हणजे दानाच्या तराजूला तेव्हाच वैद्यकाचा दांडा फुटू लागला होता. आणि मग येते फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्य-प्रवाशाची नोंद. औरंगजेबाचे वजन मागच्या वर्षीपेक्षा दोन पौंडांनी जास्त भरले, तेव्हा सगळ्या दरबाऱ्यांनी मोठा आनंद व्यक्त केल्याचे त्याला आठवते. (पुढे औरंगजेबाने स्वतःच ही प्रथा बंद केली.) दोन पौंड म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम. माझ्या वहीतल्या ज्या आठशे ग्रॅमनी भाकरी परत गेली, जवळजवळ तेवढेच. तिथे तो शुभशकुन होता, इथे तो गुन्हा झाला. आणि दोन्हीकडे, बहुधा, ते पाणी होते.

बहुधा म्हणण्याला आधार आहे. जहांगिराच्याच काळात, १६१४ साली, पादुआचा वैद्य सांतोरियो याचा 'दे स्टाटिका मेडिसिना' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तराजूला खुर्ची टांगून हा माणूस वर्षानुवर्षे त्यावर बसत राहिला. खाल्लेले, प्यालेले आणि उत्सर्ग केलेले सगळे त्याने तोलले. हिशेब जुळेना. आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यातले पाच पौंड न दिसता, त्वचेवाटे आणि श्वासावाटे, निघून जातात, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याचा आकडा आज जसाच्या तसा कोणी मानणार नाही. पण देहाचे वजन दिवसभर सतत हलत असते, ही गोष्ट त्याने पहिल्यांदा काट्यावर पाहिली. आज आपल्याला तपशील ठाऊक आहेत. यकृत आणि स्नायूंत पिष्टमय अन्नाचा जो साठा, ग्लायकोजेन, असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार आखडता घेतला की आधी हा साठा आणि त्याचे पाणी जाते. पंगतीला बसले की ते परत येते. खारट खाल्ले की पाणी थांबते. स्त्रियांच्या मासिक चक्रातही ते चढते-उतरते. आतड्यातल्या अन्नाचे वजन वेगळेच. प्रौढ माणसाचे वजन एका दिवसात किलो-दोन किलोंनी खालीवर होणे यामुळे स्वाभाविक ठरते.

चरबीचा हिशेब निराळा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. एका रात्रीत आठशे ग्रॅम चरबी चढवायची तर गरजेपेक्षा सहा हजारांहून अधिक कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीला साडेतीनशे कॅलरी धरल्या तर सतरा-अठरा भाकरी, आणि त्याही नेहमीच्या जेवणावर. पंगतीत मी इतके जेवलो नव्हतो, हे शपथेवर सांगतो.

हे सगळे ज्ञान चुडाव्याच्या माणसाला नवे नाही, फक्त ते दुसऱ्या खात्यात जमा आहे. हा कापसाचा आणि आता सोयाबीनचा मुलूख. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलोची वजने टप्प्याटप्प्याने आली. शेर, पायली, मण मागे पडले आणि बाजारात क्विंटल बोलू लागला. पण माप कोणतेही असो, ओलाव्याची गोष्ट तीच राहिली. पहाटे दवात वेचलेला कापूस जड भरतो, दुपारी तोच हलका होतो. सीसीआयच्या खरेदीत आर्द्रता ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कमी होतो, आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. मापाड्याला आणि शेतकऱ्याला दोघांनाही कळते की काट्यावरचा आकडा म्हणजे कापूस अधिक पाणी. घासाघीस भावाची होते; सकाळी जड भरला म्हणून कापसाच्या चारित्र्यावर कोणी संशय घेत नाही.

माझी माय लग्न होऊन आली आणि एक-दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी यांवर ते दिवस निघाले. तिचे वजन त्या वर्षी किती उतरले हे कोणालाच माहीत नाही, कारण तिला कोणी काट्यावर उभे केले नाही. तिला ते कळले बांगड्यांवरून. मनगटावरच्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत सरकू लागल्या. चरकाच्या ओंजळीसारखेच हेही स्वतःच्या देहाचे माप. अशा बाईसमोर मी आठशे ग्रॅमच्या धाकाने भाकरी परत केली होती.

पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि यथावकाश गावोगावी अंगणवाडीत वजनकाटा आला. खेड्यातल्या सामान्य घरात देहाच्या वजनाची नियमित नोंद प्रथम झाली ती या मार्गाने, आणि ती वजन वाढावे म्हणून. तिथल्या वाढीच्या तक्त्याकडे अभ्यासकांनी जरूर पाहावे. अंगणवाडीताई दर महिन्याला एक ठिपका देते, पण वाचते ती रेघ. रेघ वर चालली आहे की सपाट झाली आहे की खाली वळली आहे, एवढेच ती विचारते. एकट्या ठिपक्यावरून ती मुलाच्या आईला बोल लावत नाही. वजन कसे वाचावे याचा इतका शहाणा पाठ आपल्या गावात वर्षानुवर्षे चालू आहे, आणि शिकली-सवरलेली माणसे काचेच्या काट्यावर उभी राहून ठिपक्यांना घाबरत आहेत.

काळ उलटला आहे, हे खरे. दुष्काळाच्या याच मराठवाड्यात, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारावरून दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा मार्ग सांगितला, आणि तो घराघरांत पोचला. त्या मार्गाविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. त्यांत शिरण्याचा इथे हेतू नाही. मार्ग कोणताही घ्या, पहिल्या आठवड्याची घसरण बरीचशी पाण्याची असते आणि नंतरचे अडणेही बरेचसे पाण्याचेच. बरीच माणसे नेमकी तिथे हिंमत सोडतात. आकडा चढला की 'आपल्याच्याने होत नाही' म्हणून सगळे टाकून देतात, किंवा माझ्यासारखी उपाशी राहून स्वतःला शिक्षा करतात. स्थानकावरच्या तिकिटाच्या पाठीमागचे भविष्य आपण आता स्वतःच लिहू लागलो आहोत, आणि तेही रोज.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे समजणे अवघड जाऊ नये. एका अक्षराच्या लघु-गुरूवरून वृत्त ओळखता येत नाही; ओळ पुरी व्हावी लागते, तिची आवर्तने यावी लागतात. वजन या शब्दाच्या दोन्ही अर्थांना हे सारखेच लागू आहे. मी आता रोजचा आकडा लिहितो, पण पाहतो ती सात दिवसांची सरासरी, आणि तीही मागच्या महिन्याच्या सरासरीशेजारी ठेवून. तिच्यात लग्नाची पंगत विरघळून जाते. ज्यांना रोजचा आकडा सोसत नाही त्यांनी तो रोज पाहू नये, त्यातही काही उणेपणा नाही.

हे सरासरीचे प्रकरण मी मायला एकदा समजावून सांगत होतो. तिने ते पुरते ऐकून घेतले आणि म्हणाली, "दवातला कापूस कुणी सकाळच्या पारी मोजतंय का, बाबा? जरा ऊन पडू दे की." आणि टोपल्यावरचे फडके बाजूला करून तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. अर्धीच. डॉक्टरांचे म्हणणे तिलाही ठाऊक होते.