शिडाच्या जहाजांचे वाचक

पॅट्रिक ओब्रायन या इंग्रज कादंबरीकाराचं नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या तोंडी नाही. ‘मास्टर अँड कमांडर’ हा २००३ चा सिनेमा मात्र पुष्कळांनी पाहिला असेल. रसेल क्रो त्यात जहाजाचा कप्तान झाला होता आणि पॉल बेटनी त्याचा डॉक्टर मित्र. ज्या कादंबऱ्यांवरून तो सिनेमा घेतला त्या एकूण वीस. पहिली १९६९ साली आली, विसावी १९९९ साली. एकविसावी हातात असतानाच, २ जानेवारी २००० रोजी, लेखक डब्लिनमध्ये वारला. तेव्हा त्याचं वय पंच्याऐंशी होतं.

तीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट सांगत होता. काळ नेपोलियनच्या युद्धांचा. जॅक ऑब्री हा ब्रिटिश आरमारातला अधिकारी. समुद्रावर वाघ, आणि किनाऱ्यावर पाय ठेवला की कुणीही टोपी घालावी असा भोळा. त्याचा मित्र स्टीफन मॅट्युरिन अर्धा आयरिश, अर्धा कॅटलान. पेशाने वैद्य, आवडीने पशुपक्ष्यांचा अभ्यासक आणि गुपचूप हेरगिरी करणारा. १८०० च्या एप्रिलमध्ये मिनोर्का बेटावरच्या एका मैफलीत दोघं शेजारी शेजारी बसतात, जॅकच्या ताल धरण्यावरून त्यांची जुंपते आणि तिथून पुढं वीस पुस्तकं ती दोस्ती टिकते. रात्री कप्तानाच्या खोलीत एक व्हायोलिन वाजवतो, दुसरा चेलो. मी कविता लिहिणारा माणूस, तोफेचा पल्ला किती याच्याशी मला काय देणंघेणं? पण या दोघांच्या गप्पांसाठी मी तोफाही सहन केल्या.

आज मला बोलायचंय ते या कादंबऱ्यांच्या वाचकांबद्दल. ही जमात अजब आहे. वीसही पुस्तकं पहिल्यापासून पुन्हा वाचून काढण्याला हे लोक पृथ्वीप्रदक्षिणा म्हणतात, आणि अशा तीन-चार प्रदक्षिणा झालेले वाचक सहज भेटतात. जहाजावरचे शब्द अडतात म्हणून १९९५ साली या कादंबऱ्यांचा स्वतंत्र शब्दकोश निघाला, पुढच्या वर्षी नकाशांचं पुस्तक निघालं. १९९७ साली एका मायलेकीनं त्यातल्या जेवणाचं पाकपुस्तक काढलं. दोघींनी एकूण एक पदार्थ स्वतः रांधून पाहिले. जहाजावरची पोरं भुकेपोटी उंदीर शिजवून खातात, तर तोही पदार्थ त्यात कांद्याच्या रश्श्यासह दिला आहे! स्टीफननं पाळलेल्या आळशी अस्वलासारख्या प्राण्याला जॅक दारूत भिजवलेला केक चारतो आणि तो प्राणी व्यसनी होतो. या एका प्रसंगावर हे वाचक अजून हसतात.

गंमत अशी की सुरुवातीला या पुस्तकांना वाचक फारसे नव्हतेच. हॉर्नब्लोअर या आरमारी नायकाचा निर्माता फॉरेस्टर १९६६ साली वारला. त्याच्या मागे तशीच समुद्रकथा कुणी लिहील का, हे एक अमेरिकन प्रकाशक शोधत होता, त्यानं ओब्रायनला विचारलं. पुस्तक निघालं, पण अमेरिकेत मालिका मध्येच थांबली. १९९० साली नॉर्टन या प्रकाशनानं ती पुन्हा हाती घेतली. जानेवारी १९९१ मध्ये रिचर्ड स्नो यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक पुरवणीत पहिल्या पानावर लेख लिहिला, आणि मग गर्दी लोटली. लेखक तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला, दक्षिण फ्रान्समधल्या कोलिऊर गावी द्राक्षं लावून राहणारा.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीवर वाद पेटतो तो बहुधा थोर माणसाच्या मानापमानावरून. हे वाचक भांडतात ते वाऱ्याच्या दिशेवरून. अमुक तारखेला अमुक जहाज तिथं होतं का, शीड किती होतं, तोफा किती पौंडी होत्या. आणि बहुतेक वेळा लेखक बरोबर निघतो, कारण त्यानं आरमारातल्या रोजनिश्या आणि अधिकृत पत्रं मुळातून वाचली होती. पहिल्याच कादंबरीत जॅकचं लहानसं जहाज आपल्यापेक्षा कितीतरी मोठं स्पॅनिश जहाज जिंकतं. नवा वाचक म्हणतो, काहीतरीच! मग जुना वाचक त्याला ६ मे १८०१ ची लढाई काढून दाखवतो. लॉर्ड कॉक्रनच्या ‘स्पीडी’वर १४ तोफा आणि ५४ माणसं, समोरच्या ‘गामो’वर ३२ तोफा आणि ३१९ माणसं. जिंकला कॉक्रन. कादंबरीकारानं फक्त नावं बदलली.

असा काटेकोर लेखक एका ठिकाणी उघडउघड लबाडी करतो, आणि ती त्याच्या वाचकांनी बोटं मोजून पकडली आहे. १८१३ चा जून महिना उजाडेपर्यंत पुस्तकांतलं कॅलेंडर ठीक चालतं. त्या पुढं नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला तो फेब्रुवारी १८१५ मध्ये. मधे उरले वीस महिने. या वीस महिन्यांत ओब्रायननं दहाएक कादंबऱ्या घातल्या! जॅक आणि स्टीफन त्यात भूमध्य समुद्रात जातात, केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये जातात, मलाया, ऑस्ट्रेलिया, पेरू असं सगळं फिरतात. शिडाच्या जहाजानं एवढ्या सफरींना पाच-सहा वर्षं तरी लागतील. लेखकानं ते लपवलं नाही. १९८४ च्या कादंबरीच्या सुरुवातीला त्यानं सांगूनच टाकलं की आपण एवढी पुस्तकं लिहू हे आधी कळलं असतं तर गोष्ट बऱ्याच आधीच्या सालापासून सुरू केली असती. आता युद्धाची वर्षं संपत आली, तेव्हा गरज पडली तर १८१२ अ, १८१२ ब अशी जादा वर्षं मानून घेऊ. काही वाचकांना हे रुचत नाही. मला रुचतं. आपल्या चांद्र पंचांगात अधिक मास असतो, तसं हे अधिक वर्ष. हिशेब बसवण्यासाठी घातलेलं, आणि घातलंय हे सांगून घातलेलं.

दुसरी लबाडी मात्र त्यानं सांगितली नव्हती. सगळे त्याला आयरिश समजत. १९९८ साली उघड झालं की तो बकिंगहॅमशायरमध्ये जन्मलेला रिचर्ड पॅट्रिक रस, आणि ओब्रायन हे आडनाव त्यानं १९४५ साली घेतलेलं. वाचकांत उभी फूट पडली. ज्यानं दोरखंडाच्या गाठीबद्दलही कधी थाप मारली नाही त्यानं स्वतःबद्दल मारावी? आम्हा शायरांना तखल्लुस नवा नाही. पण तखल्लुस घेणारा वतन बदलत नाही. तरी मला वाटतं, लेखकाच्या जन्मदाखल्यावरून पुस्तकाची किंमत ठरवू नये. त्या काळात रागावून पुस्तकं मिटलेल्या काहींनी ती पुढं पुन्हा उघडलीच.

या वाचकांच्या हिशेबी खोडीमुळं एक धागा हाताला लागतो, आणि तो थेट मुंबईला येतो. ‘द फॉर्च्यून ऑफ वॉर’ या १९७९ च्या कादंबरीत जॅक आणि स्टीफन ‘जावा’ नावाच्या ब्रिटिश फ्रिगेटवर पाहुणे असतात. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ तिला गाठते आणि तिच्या डोलकाठ्या उडवते. ही लढाई खरी. खरी ‘जावा’ निघाली होती मुंबईला. तिच्यावर होता जनरल टॉमस हिस्लॉप, मुंबईच्या फौजेचा नवा सेनापती. मुंबईच्या गोदीत त्या वेळी बांधत असलेल्या ७४ तोफांच्या जहाजाला मढवायचं तांबंही होतं. आणि मुंबईत बांधायच्या आणखी एका फ्रिगेटचे नकाशे होते. अमेरिकनांनी मोडकी ‘जावा’ जाळून टाकली आणि नकाशेही गेले. नवे नकाशे पाठवावे लागले, कामाला उशीर झाला. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानात बांधलेली ती फ्रिगेट, ‘त्रिंकोमाली’, पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. आणि सुटका होऊन हिंदुस्थानात पोचलेला तोच हिस्लॉप २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला. शाळेत आपण महिदपूर पाठ केलं. त्या जनरलचं जहाज आधी ब्राझीलपाशी बुडालं होतं हे कुणी सांगितलं नाही.

‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपून ठेवलेली आहे. जॅकची लाडकी ‘सर्प्राइज’ कशी असेल हे पाहायला ओब्रायनचे वाचक तिथं जातात. खरी ‘सर्प्राइज’ फ्रेंचांनी बांधलेली, इंग्रजांनी १७९६ मध्ये पकडलेली, १८०२ मध्ये विकून टाकलेली. कादंबरीत ती पुढं कितीतरी वर्षं चालते. तिच्यावरचा खालचा मजला, ज्यात ताठ उभं राहता येत नाही, तो अनुभवायचा तर मुंबईच्या सागवानावर पाय ठेवावा लागतो.

कादंबरीतली ‘सर्प्राइज’ स्वतः मुंबईत येते ती तिसऱ्या पुस्तकात, १९७३ च्या. तिथं स्टीफनला दिल नावाची एक लहान मुलगी भेटते. (दिल हे मुलीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, पण असो.) चुणचुणीत, गरीब, शहराच्या गल्ल्या त्याला हिंडवून दाखवणारी. तिला चांदीच्या बांगड्या हव्या असतात. स्टीफन त्या घेऊन देतो. त्या बांगड्यांसाठी कुणीतरी तिचा जीव घेतं. तिच्या सरणाला लाकडं घ्यायला पैसा नसतो. स्टीफन ती विकत घेतो आणि समुद्रकाठी तिला अग्नी देतो. मोजकी पानं आहेत, रडारड नाही. वाचकांचा वाद असा: दोष स्टीफनचा का? तो म्हणे शहाणा, हेर, माणसं ओळखणारा. उघड्या मनगटावर चांदी घालून मुलीला गर्दीत सोडलं तर काय होईल हे त्याला समजायला नको? काहींचं म्हणणं, तो हा प्रश्न आयुष्यभर मनात बाळगतो, म्हणूनच तो मोठा. आणि काहींचं म्हणणं मला जास्त टोचतं: ती मुलगी लेखकानं आणली ती एका गोऱ्या डॉक्टरचं दुःख दाखवायला, काम झालं तशी गेली. मला ते पूर्ण पटत नाही. दिल त्या पानांवर जिवंत आहे, नायकाला चिडवते, त्याला वेड्यात काढते. पण तिच्यानंतर वीस पुस्तकांत हिंदुस्थानी माणसाला तेवढी जागा पुन्हा मिळत नाही, हेही खरं.

त्याच कादंबरीचा शेवट १५ फेब्रुवारी १८०४ च्या पुलो औरच्या झुंजीवरून घेतला आहे. चीनहून चहा, रेशीम घेऊन येणाऱ्या कंपनीच्या व्यापारी जहाजांनी युद्धनौका असल्याचा आव आणून फ्रेंच अॅडमिरल लिन्वा याला पळवून लावलं. कप्तान डान्स याला मुंबईच्या विमा कंपनीनं पाच हजार पौंड दिले, राजानं सर केलं. त्या जहाजांवर शिडं चढवणाऱ्यांत लास्कर होते, म्हणजे आपल्याकडचे खलाशी. लष्कर या फारसी शब्दाचं हे इंग्रजी रूप. त्यातला एकही बक्षिसाच्या गोष्टीत नावानिशी येत नाही. ‘गामो’वरच्या तोफा पौंडांत मोजणाऱ्या वाचकांनी इथं मोजणी केलेली मला दिसली नाही. रोजनिश्या कप्तानाच्या, दप्तरं आरमाराची, आणि मोजता येतं ते त्यातलंच.

पण या खलाशांची बोली शिल्लक आहे. टॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्यानं १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी आरमारी शब्दकोश छापला, गोऱ्या अधिकाऱ्यांना लास्करांवर हुकूम सोडता यावेत म्हणून. हिंदुस्तानी, अरबी, फारसी, पोर्तुगीज असं सगळं त्यात कालवलेलं आहे, आणि कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला सारंग, तांडेल, परबाण असे घरचे शब्द त्यात भेटतात. कवी म्हणून मला हा कोश कादंबरीइतकाच वाचनीय वाटतो. हुकूम देणाऱ्यासाठी लिहिलेला, पण प्रत्येक शब्दात हुकूम ऐकणाऱ्याचा आवाज.

हाच कोश अमिताव घोष यांनी हाताशी घेतला. ‘सी ऑफ पॉपीज’ २००८ मध्ये आली, ‘रिव्हर ऑफ स्मोक’ २०११ मध्ये, ‘फ्लड ऑफ फायर’ २०१५ मध्ये. जहाज तसंच शिडाचं, पण सुकाणूजवळ सारंग अली उभा आहे आणि हुकूम लास्करांच्या बोलीत सुटतात. ओब्रायनची प्रदक्षिणा संपवून कुणी काय वाचू विचारलं तर मी या तीन कादंबऱ्या सांगतो. त्यांची गोष्ट अफूच्या युद्धापर्यंत जाते. त्या युद्धाचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगला ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला. ही तीच ७४ तोफांची नौका, जिच्यासाठी ‘जावा’वर तांबं येत होतं. ते पोचलं नाही, तरी मुंबईच्या गोदीनं १८१३ च्या मे महिन्यात तिला पाण्यात सोडलं होतं.