आट्याची जुळणी आणि अंतराची जुळणी : अंतरमापक कॅमेऱ्यांच्या जोडकड्यांचा इतिहास

कॅमेरा म्हणजे एक भिंग, एक अंधारी पेटी आणि त्या दोहोंमध्ये राखलेले एक नेमके अंतर होय. यांपैकी पहिल्या दोन वस्तू डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, आणि सारी अडचण तिच्यातच असते. कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. पुढे १९१८ साली विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी चालता कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ प्रकाशात आला. ज्या देशात प्रकाशीय काच तयार होत नव्हती, त्या देशातील कारागिराला भिंग आणि पेटी यांचा संबंध स्वतःच्या हाताने जुळवावा लागणे क्रमप्राप्त होते. एका ठिकाणचे भिंग दुसऱ्या ठिकाणच्या पेटीवर बसविण्याचा हा प्रश्न स्थिर छायाचित्रणात कसा उपस्थित झाला आणि जोडकड्याने तो कितपत सोडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ ही मूळची सूक्ष्मदर्शक बनविणारी पेढी. तेथील ऑस्कर बारनॅक याने कल्पिलेला ‘लाइका’ कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. त्याचे भिंग पेटीला कायमचे जोडलेले होते. १९३० साली भिंग बदलता येऊ लागले. परंतु प्रत्येक भिंग त्या त्या पेटीशी स्वतंत्रपणे जुळवावे लागे. १९३१ साली भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मि.मी. असे निश्चित झाले, आणि तेव्हापासून कोणतेही लाइका-भिंग कोणत्याही लाइका-पेटीवर बसू लागले. या अंतराला आपण ‘बैठक-अंतर’ म्हणू.

या जोडाचा आटाही लक्षात घेण्याजोगा आहे. त्याचा व्यास ३९ मि.मी., म्हणजे मेट्रिक मापाचा. परंतु आटे मात्र इंचाला २६, म्हणजे इंग्रजी मापाचे. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांसाठी लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ठरविलेला आटा इंचाच्याच मापाचा होता आणि सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्यांच्या हाताला तो सरावाचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या संकराचे नवल वाटत नाही. आपल्याकडील लेथवरचा कारागीर मिलिमीटर आणि ‘सूत’ ही दोन्ही मापे एकाच दमात बोलतो. त्यातलाच हा प्रकार आहे.

या संकराचा त्रास नक्कल करणाऱ्यांना झाला. खारकॉव्ह येथे १९३४ पासून तयार होऊ लागलेल्या ‘फेड’ कॅमेऱ्याच्या आरंभीच्या नगांत आटा दर फेरीस बरोबर १ मि.मी. असा ठेवण्यात आला होता. इंचाला २६ आटे म्हणजे दर फेरीस सुमारे ०.९७७ मि.मी. एका फेरीत फरक केवळ ०.०२३ मि.मी.चा, पण चार-पाच फेऱ्यांत तो ०.१ मि.मी.च्या घरात जातो आणि भिंग मध्येच अडकते.

१९३२ साली लाइकाच्या दुसऱ्या नमुन्यात भिंगाला जोडलेला अंतरमापक आला आणि प्रश्न अधिक गहन झाला. या योजनेत भिंगाच्या मागील कडेवर पेटीतील एका दांडीची चकती टेकलेली असते. भिंग पुढे-मागे सरकले की दांडी हलते आणि दृश्यदर्शकातील दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. ही दांडी मात्र एकच भाषा जाणते : सुमारे ५१.६ मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगाची. ९० मि.मी.चे भिंग त्याच वस्तूसाठी कितीतरी अधिक सरकते. म्हणून त्याच्या आत वेगळी उतरण घडवून ती हालचाल ५१.६ च्या हालचालीत रूपांतरित करावी लागते. ही उतरण म्हणजे भिंगाच्या पोटात बसविलेला दुभाष्याच होय.

झाइस कंपनीच्या १९३२ च्या ‘कॉन्टॅक्स’ कॅमेऱ्याची भाषा निराळी होती; तेथे प्रमाण सुमारे ५२.४ मि.मी.चे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली. कॉन्टॅक्सचा वारसा ‘कीव्ह’ या नावाने १९४७ पासून चालू राहिला, आणि त्याच कुळातील ‘ज्युपिटर’ भिंगे ३९ मि.मी.च्या आट्यातही निघू लागली. ती लाइकावर सहज बसतात. परंतु मोठ्या छिद्रावर आणि जवळच्या अंतरावर त्यांचा नेम पुष्कळदा चुकतो.

येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीची खूण पटते. कळमेश्वर आणि नागपूर हा मुलूख मराठी-हिंदीच्या शेजाराचा. १९५६ पर्यंत तर नागपूर ही या दोन्ही भाषांच्या प्रदेशाची राजधानी होती. येथे ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत विद्येचा वाचक आणि मराठीत दंडाचा. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. रूप एकच असल्यामुळे शब्द वाक्यात बिनबोभाट बसतो, आणि म्हणूनच गैरसमज उशिरा ध्यानात येतो. अजिबात न बसणारा शब्द इतका घातक नसतो. भिंगांचेही तसेच आहे.

जपानमध्ये कॅनन कंपनीने युद्धोत्तर काळात लाइकाचाच आटा स्वीकारला. निक्कॉर भिंगेही त्या आट्यात मिळू लागली. १९५० साली ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी ती आपल्या लाइका कॅमेऱ्यांवर चढवून कोरियाच्या युद्धात वापरली, आणि जपानी भिंगांची कीर्ती जगभर पसरली. अशा रीतीने एका पेढीचा आटा सर्वांचा झाला.

खऱ्या अर्थाने जोडकड्याचा जन्म १९५४ चा. त्या वर्षी कोलोन येथील प्रदर्शनात लाइका एम-३ आला. त्यात आट्याच्या जागी खाचेत फिरवून बसणारा जोड होता आणि बैठक-अंतर २७.८ मि.मी. होते. जुन्या २८.८ पेक्षा नेमके १ मि.मी. कमी. या एका मिलिमीटरच्या जागेत एक पातळ कडे बसते आणि त्यावर जुने आट्याचे भिंग आपल्या मूळ अंतरावरच स्थिरावते. ही योजना दूरदृष्टीची होती यात शंका नाही. ग्राहकाचा जुना संग्रह निकामी झाला नाही. निरनिराळ्या नाभीय अंतरांसाठी निरनिराळी कडी काढण्यात आली, जेणेकरून दृश्यदर्शकातील योग्य चौकट आपोआप दिसावी. उलट प्रवास मात्र शक्य नाही. नव्या जोडाचे भिंग जुन्या पेटीवर चढविल्यास ते फिल्मपासून १ मि.मी. दूरच राहील आणि दूरची वस्तू कधीच स्पष्ट होणार नाही. जागा वाढविता येते, काढून घेता येत नाही.

कड्याच्या जाडीत ०.१ मि.मी.ची चूक राहिली तर काय घडते? ५० मि.मी.चे भिंग अनंतावर लावले असता ते प्रत्यक्षात सुमारे २५ मीटरवर रोखले जाईल. मात्र कड्याबरोबर भिंगाची मागील कडही तेवढीच पुढे येते, म्हणून अंतरमापकही जवळजवळ तेच अंतर सांगेल. दोघे एकमताने चुकतात. दूरचा डोंगर तेवढा हाती लागत नाही, जवळची छायाचित्रे निर्दोष येतात. ९० मि.मी.च्या भिंगाचे तसे नाही. ते ८१ मीटरवर रोखलेले असेल आणि अंतरमापक सुमारे २७ मीटर दाखवील. येथे दुभाष्या आणि वक्ता यांचा मेळ सुटतो. तेव्हा एका भिंगावर पारखलेले कडे दुसऱ्यावरही खरे ठरेल असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

आरशाच्या कॅमेऱ्यांची भिंगे अंतरमापक पेटीवर चढविण्याचा मोह अनेकांना होतो. ४२ मि.मी. आट्याच्या भिंगांचे बैठक-अंतर ४५.४६ मि.मी. असल्याने एम-जोडासाठी १७.६६ मि.मी. जाडीचे कडे पुरते. जागा भरपूर, घडण सोपी. पण अशा भिंगाला दांडीशी बोलणारी उतरणच नसते. अंतरमापक मुका होतो आणि अंतर अंदाजाने किंवा फितीने मोजावे लागते. रुंद कोनाचे भिंग लहान छिद्रावर वापरताना ही उणीव खपते, ५० मि.मी.चे भिंग १.५ छिद्रावर १ मीटरवर रोखताना, जेथे स्पष्टतेची खोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, ती खपत नाही.

हा विषय केवळ पुराणवस्तूंचा नव्हे. १९९९ पासून ‘फोक्टलेंडर’ या जुन्या नावाने जपानमध्ये पुन्हा आट्याची भिंगे निघाली. २०२२ साली लाइकाने फिल्मचा एम-६ कॅमेरा पुन्हा बाजारात आणला. १९३० च्या दशकातील भिंग त्या पेटीवर आजही एका कड्याच्या आधारे बसते. परंतु फिल्मवरील चूक रीळ धुतल्याखेरीज कळत नाही, आणि तोवर ३६ चौकटी व तो प्रसंग, दोन्ही निघून गेलेले असतात. आजोबांच्या कपाटातील भिंग लग्नकार्यात वापरण्यापूर्वी एक रीळ परीक्षेसाठी खर्ची घालावे : काही चौकटी क्षितिजावर, काही १ मीटरवर तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीवर, छिद्र पूर्ण उघडे ठेवून. पट्टीवरचा रोखलेला आकडाच स्पष्ट उमटला, तर दुभाष्या विश्वासू आहे असे समजावे. पुढचा किंवा मागचा आकडा उमटला, तर दोष कड्याच्या जाडीत आहे की भिंगाच्या उतरणीत, हे क्षितिजावरच्या चौकटी पाहून ठरवावे आणि मगच कारागिराकडे जावे.